सोसण्याचं नव्हे, कसबाचं कौतुक

बाबांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची ती तिसरी रात्र होती. रुग्णालय छोटं. रात्रपाळीला एका वॉर्डात एक अनुभवी सिस्टर, शेजारच्या वॉर्डात एक नवी मुलगी, आणि डॉक्टर घरी, फोनवर. बाबांना ताप नव्हता. रक्तदाब ठीक होता. बोटाला लावलेला चिमटा ऑक्सिजन ९५ दाखवत होता. ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारलं की ते मान हलवत होते. सिस्टर आल्या, बाबांचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, नाडी बघताहेत. पुढे त्यांनीच सांगितलं, त्या श्वास मोजत होत्या. मनगट धरायचं ते रुग्णाला पत्ता लागू नये म्हणून. आपले श्वास कुणीतरी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो. आणि मोजायचे ते पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही.

रात्री नऊला १८ होते. बाराला २४. पावणेतीनला २८.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ‘थोडं बघू या,’ असं उत्तर आलं. पंचवीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला. या वेळी आधीचे आकडे सांगितले, आताचे सांगितले, पोट ताठ लागतंय हे सांगितलं आणि म्हणाल्या, ‘मला हे ठीक वाटत नाही. तुम्ही येऊन बघा.’ डॉक्टर आले. उजाडायच्या आत बाबा मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. आतड्याचा जोड सुटून पोटात जंतुसंसर्ग पसरायला लागला होता. आणखी काही तास गेले असते तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं.

घरी जाताना मिळालेल्या कागदांवर दोन शल्यचिकित्सकांची नावं होती, भूलतज्ज्ञांचं होतं, प्रतिजैविकांची नावं मात्रांसकट होती. श्वास मोजणाऱ्या बाईंचं नाव कुठेच नव्हतं.

महिन्याभराने मी त्यांना पत्र द्यायला गेले. मनापासून लिहिलं होतं: तुमची सेवावृत्ती, तुमची सहनशक्ती, रात्र रात्र उभं राहणं, देवदूत. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘छान लिहिलंय. पण जमलं तर एक करा. किती वाजता काय झालं ते लिहा. मी दोनदा फोन केला ते लिहा. आणि त्या रात्री माझ्याकडे अकरा पेशंट होते, तेही लिहा.’

मी पत्र पुन्हा लिहिलं. पण पहिलं पत्र मी तसं का लिहिलं, हा प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही. त्यांच्या ज्ञानाने बाबा वाचले होते आणि मी कौतुक केलं ते त्यांच्या सोसण्याचं. ही एकट्या माझी चूक नाही. परिचारिकांविषयी बोलायची आपली भाषाच तशी घडलेली आहे. त्या किती काम करतात, किती कमी झोपतात, किती हसतमुख राहतात, हे आपण भरभरून सांगतो. त्यांना काय येतं, हे सांगत नाही. आणि सोसण्याचं कौतुक करत राहिलं की सोसायला लावणं हळूहळू गैर वाटेनासं होतं. लहान रुग्णालयांमध्ये हे सर्वांत जास्त घडतं, आणि त्याची किंमत परिचारिकेइतकीच रुग्णही मोजतो.

या भाषेचं मूळ बरंच जुनं आहे. १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी स्कुटारीच्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्यांचं जे चित्र घरोघर पोहोचवलं ते हातात दिवा घेऊन रात्री फिरणाऱ्या कनवाळू स्त्रीचं. ते खोटं नव्हतं. पण परतल्यावर त्यांनी जे केलं ते त्याहून मोठं होतं. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी मृत्यूंच्या नोंदी चाळून सिद्ध केलं, त्याची आकृती काढून सत्ताधाऱ्यांपुढे ठेवली, आणि १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने आपली पहिली स्त्री सदस्य म्हणून त्यांना निवडलं. दिवा लोकांच्या लक्षात राहिला. आकडे राहिले नाहीत. परिचर्या हा व्यवसाय आजही त्या विस्मरणाचं ओझं वाहतो आहे.

कसब लक्षात न राहण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते कामाच्या स्वरूपातच आहे. शल्यचिकित्सकाने काढलेली गाठ बाटलीत घालून दाखवता येते. परिचारिकेच्या चांगल्या कामाचा परिणाम म्हणजे काहीतरी न घडणं. पाठीला जखम झाली नाही. म्हातारबाबा पडले नाहीत. चुकीचं इंजेक्शन टोचलं गेलं नाही. हृदय बंद पडायची वेळ आली नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही आणि तिची बातमीही होत नाही.

तरीही ती मोजता येते, आणि मोजलेली आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयात असताना हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या गेल्या. त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांची प्रकृती आधीच्या आठ तासांत बिघडत असल्याच्या खुणा नोंदींत होत्या. म्हणजे मृत्यू बहुतेकदा अचानक झडप घालत नाही, आधी दार वाजवतो. ते ऐकायला कुणी जागं आणि जाणतं हवं. दोनच वर्षांनी संशोधकांनी गुणवत्तेचं एक वेगळं माप पुढे आणलं: शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी किती जण वाचवता आले नाहीत. गुंतागुंत उत्तमोत्तम रुग्णालयांतही होते. खरा फरक पडतो तो ती किती लवकर ओळखली जाते यात, आणि ती ओळखण्याची जागा म्हणजे रुग्णाची खाट. रात्री तिथे कोण असतं, हे सांगायला नको.

श्वासांची गती हा या खुणांपैकी सर्वांत बोलका आकडा, आणि सर्वांत दुर्लक्षितही. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन यंत्र दाखवतं; साध्या वॉर्डात श्वास माणसाला मोजावे लागतात. घाईच्या पाळीत तिथे अंदाजाने १८ किंवा २० लिहून टाकलं जातं. हे निष्काळजीपणातून होतं असं मी म्हणणार नाही. अकरा रुग्णांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे तर एका फेरीची अकरा मिनिटं फक्त त्यातच जातात, आणि त्याच वेळी एक सलाईन संपलेली असते, एक बेल वाजत असते, एक नातेवाईक दारात उभा असतो.

मोठ्या रुग्णालयातही कामाचा ताण कमी नसतो. पण छोट्या, गावाच्या आधाराने चालणाऱ्या रुग्णालयातलं परिचारिकेचं काम वेगळ्या जातीचं आहे आणि त्याच्याकडे पुरेसं पाहिलं गेलेलं नाही. मोठ्या ठिकाणी हृदयाचा वॉर्ड वेगळा, मुलांचा वेगळा, शस्त्रक्रियेचा वेगळा. इथे एकाच पाळीत एकीसमोर ओली बाळंतीण असते, छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस असतो, खुब्याचं हाड मोडलेली आजी असते आणि दम्याने धापा टाकणारं मूल असतं. ‘सगळं थोडं थोडं येतं’ असं म्हणून या कामाला कमी लेखतात. माझ्या मते उलट आहे. चार वेगळ्या शरीरांच्या चार वेगळ्या धोक्यांचं भान एकाच डोक्यात जागं ठेवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही विशेष प्रशिक्षणाइतकंच अवघड आहे.

त्यात ‘इथे ठेवायचं की पुढे पाठवायचं’ हा निर्णय असतो. सही डॉक्टरांची असली तरी त्या निर्णयाची सुरुवात बहुतेकदा नर्सच्या फोनने होते. लवकर केला तर ‘उगीच घाबरते’ असं ऐकायचं, उशिरा केला तर रुग्णवाहिका वाटेत असतानाच रुग्ण हातचा जायचा. या दोहोंच्या मधली नेमकी वेळ गाठणं ही अनेक वर्षांची कमाई असते.

आणि रुग्ण ओळखीचे असतात. मुलाच्या वर्गशिक्षिका, शेजारचे काका, स्वतःची शाळेतली मैत्रीण. मोठ्या शहरातली परिचारिका दाराबाहेर पडली की गर्दीत मिसळून अनोळखी होऊ शकते. छोट्या ठिकाणी रात्री ज्याचे डोळे मिटले त्याची आई दुसऱ्या दिवशी रस्त्यात समोर येते. ती थांबते, हात धरते, विचारते, ‘शेवटी काही बोलला का गं?’ या प्रश्नाला कुठल्याच रोस्टरमध्ये वेळ दिलेली नसते.

रोस्टरचाच विषय निघाला आहे. मोठ्या ठिकाणी एक जण आजारी पडली तर दुसऱ्या विभागातून कुणी येतं. छोट्या ठिकाणी एक जण आजारी पडली की दुसरीची डबल ड्युटी होते. २००४ मध्ये अमेरिकेत परिचारिकांनी स्वतः ठेवलेल्या रोजनिशींवरून झालेल्या अभ्यासात दिसलं की पाळी साडेबारा तासांच्या वर गेली की चूक होण्याची शक्यता तिपटीने वाढते. आपण मात्र सलग सोळा तास उभं राहणाऱ्या बाईचा सत्कार करतो. सोळा तास विमान चालवलेल्या वैमानिकाच्या गळ्यात आपण हार घालणार नाही, त्याला कुणी चालवू दिलं हे विचारू.

सध्या व्यवस्थापनाच्या बोलण्यात ‘रिझिलियन्स’ हा शब्द फार आहे. चिवटपणा, तग धरण्याची ताकद. हा शब्द पदार्थांच्या अभ्यासातही आहे. ताण दिला की जो वाकतो आणि ताण काढून घेतला की मूळ आकारावर येतो, असा पदार्थ. या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो. ताण काढून घेतला पाहिजे. तो काढलाच नाही तर चांगल्यातलं चांगलं पोलादही एक दिवस थकून तुटतं, आणि तुटतं तेव्हा दोष पोलादाचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली, ती नीट वाचण्यासारखी आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण यशस्वीपणे हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, असं तिथे म्हटलं आहे. आणि तो आजार नव्हे, कामाशी जोडलेली घटना आहे, असंही स्पष्ट केलं आहे. म्हणजे उपाय शोधायचा तो कामाच्या ठिकाणी. प्रत्यक्षात काय होतं? रात्रपाळी करून आलेल्या मुलींना सकाळी थांबवून ताणमुक्तीची कार्यशाळा घेतली जाते. श्वासावर लक्ष केंद्रित करा, असं त्यांना सांगितलं जातं. जिने रात्रभर अकरा जणांच्या श्वासांवर लक्ष ठेवलं आहे, तिला.

अशा कार्यशाळांचा कुणालाच उपयोग होत नाही, असं माझं म्हणणं नाही. मन शांत ठेवायचं तंत्र हाती असणं चांगलंच. आतून येणारा चिवटपणाही खरा असतो. वीस-वीस वर्षं खाटेजवळ उभ्या राहिलेल्या, अजूनही नव्या रुग्णाकडे कुतूहलाने बघणाऱ्या परिचारिका मी पाहिल्या आहेत. त्यांचा अभिमान त्यांच्याकडून काढून घेण्याचा मला काही अधिकार नाही. पण त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट जाणवते. टिकून राहण्याचं श्रेय त्या स्वतःच्या सहनशक्तीला क्वचितच देतात. त्या नावं घेतात. ‘आमच्या इन्चार्ज बाई होत्या म्हणून.’ ‘आम्ही तिघी एकाच बॅचच्या होतो म्हणून.’ ‘ते सर ऐकून घ्यायचे म्हणून.’ म्हणजे बाहेरून चिवटपणा म्हणून जे दिसतं, ते आतून आधार, विश्वास आणि आपलं काम आपल्याला नीट येतं ही जाणीव असं असतं. या तिन्ही गोष्टी संस्था घडवू शकते, आणि मोडूही शकते.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा होता तेव्हा तिथल्या परिचर्या अकादमीने प्रश्नच उलटा केला. परिचारिका का सोडून जातात, याऐवजी काही ठिकाणी त्या का टिकतात, हे शोधायचं ठरवलं. १९८३ मध्ये त्याचा अहवाल आला. टिकवून ठेवणारी ४१ रुग्णालयं निवडून त्यांचे समान गुण त्यात मांडले होते: परिचर्येचा प्रमुख निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर बसतो, परिचारिकेला स्वतःच्या कामात स्वायत्तता असते, डॉक्टरांशी नातं बरोबरीचं असतं, मनुष्यबळ पुरेसं असतं, शिकायला वाव असतो. लोहचुंबकाची उपमा देऊन या रुग्णालयांना ‘मॅग्नेट’ म्हटलं गेलं आणि १९९४ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रुग्णालयाला या नावाची पहिली अधिकृत मान्यता मिळाली. चिवट स्वभावाच्या मुली कशा निवडाव्यात, असा सल्ला त्या गुणांत कुठेही नाही. सगळे गुण संस्थेचे आहेत.

आता मनुष्यबळाच्या आकड्यांकडे येते, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि त्या परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी, असं त्यात आढळलं. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांत मृत्यूच्या बाबतीत तोच ७ टक्क्यांचा आकडा पुन्हा दिसला. शिवाय पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटते, असंही दिसलं. म्हणजे किती हात आहेत याइतकंच त्या हातांना काय येतं हेही महत्त्वाचं. मला या आकड्यांमधली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही, की रुग्णाचा मृत्यू आणि परिचारिकेचं करपणं एकाच कारणाने वाढतं. त्यांचे हितसंबंध वेगळे नाहीतच. संप झाला की ‘रुग्णांना वेठीला धरलं’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

हे झालं मृत्यूबद्दल. त्याखाली एक मोठा, न दिसणारा थर असतो: राहून गेलेली कामं. २००६ पासून संशोधक त्यांचा पद्धतशीर अभ्यास करत आहेत. हात कमी पडले की आधी काय सुटतं? औषधं सुटत नाहीत, ती कशीबशी दिली जातात. सुटतं ते रुग्णाला उठवून चार पावलं चालवणं, कूस बदलणं, तोंड स्वच्छ करणं, घरी गेल्यावर काय करायचं ते समजावणं, आणि नुसतं दोन मिनिटं बसणं. आपलं काम अर्धं राहिलं हे तिला माहीत असतं. योग्य काय ते कळतं, पण व्यवस्थेमुळे करता येत नाही, या कोंडीला अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असं नाव दिलं. झोप काढून थकवा जातो. हा क्लेश झोपून जात नाही. व्यवसाय सोडताना कुणी ‘फार दमले’ म्हणत असेल, पण थोडं खोलात विचारलं तर ‘मला शिकवलं तसं काम करता येत नव्हतं’ हे वाक्य बाहेर येतं.

यावर छोट्या रुग्णालयांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते खोटंही नाही: पैसे कुठून आणायचे? आणलेच तरी माणसं कुठे आहेत? पैशांपुरतं सांगायचं तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचा अनुभव समोर आहे. २०१६ मध्ये तिथल्या ठरावीक सरकारी रुग्णालयांत कायद्याने प्रमाण बांधून दिलं: दिवसा चार रुग्णांमागे एक परिचारिका, रात्री सातांमागे एक. पुढे त्यांची तुलना हा नियम लागू नसलेल्या रुग्णालयांशी केली गेली; निष्कर्ष २०२१ मध्ये आले. परिचारिकेमागचे रुग्ण कमी झाले तिथे मृत्यू, पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण आणि रुग्णालयातला मुक्काम कमी दिसला, आणि त्यातून वाचलेला खर्च जादा परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक भरला. ही बचत त्याच रुग्णालयाच्या तिजोरीत पडतेच असं नाही, ही अडचण खरी आहे. कधी ती सरकारच्या, कधी विमा कंपनीच्या, कधी रुग्णाच्या खिशात जाते. म्हणूनच हा प्रश्न एकेका रुग्णालयाच्या औदार्यावर सोडता येत नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. अशा कायद्याचा फायदा हाच: सगळ्यांना एकच नियम लागू झाला की कमी माणसांत काम ओढणाऱ्याला फायदा उरत नाही.

माणसांचं उत्तर अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि ५८ लाखांचा तुटवडा होता. केवळ नव्या मुली शिकवून तो भरणार नाही. ज्या शिकल्या त्या सोडून जाऊ नयेत, हे आधी बघावं लागेल. भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणाऱ्याला आपण कष्टाळू म्हणत नाही.

भोक कुठे आहे, ते बऱ्याच ठिकाणी माहीत असतं. एक भोक बढतीच्या पद्धतीत आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. शेवटच्या पायरीवरची परिचारिका नियमांची उजळणी करत बसत नाही; खोलीत पाऊल टाकताच तिला काहीतरी बिनसलंय हे कळतं. हा चमत्कार नाही. हजारो रुग्ण बघून घडलेलं ज्ञान आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं चुकता चुकता सावरण्यात गेलेली असतात. पण बहुतेक ठिकाणी या ज्ञानाचं बक्षीस म्हणजे तिला खाटेजवळून उचलून कार्यालयात बसवणं, तिच्या हातात वह्या आणि साठ्याचे तक्ते देणं. पगार वाढवायचा तर रुग्ण सोडायचा, अशी ही रचना आहे. खाटेजवळ राहूनच पद, पगार आणि अधिकार वाढतील अशी शिडी छोट्या रुग्णालयालाही उभारता येते. त्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. संचालक मंडळाचा एक ठराव लागतो आणि वेतनपत्रकात दोन नव्या ओळी.

दुसरं भोक अधिकाराचं. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये एक पद्धत सुरू झाली: ठरावीक खुणा दिसल्या की परिचारिकेने वरच्यांची साखळी न चढता थेट आपत्कालीन पथकाला बोलवायचं. त्या खुणांच्या यादीत ‘काळजी वाटते’ हेही कारण धरलं गेलं. परिचारिकेला वाटणारी काळजी हे अधिकृत वैद्यकीय कारण! मला हे फार मोलाचं वाटतं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून सहा मोजमापं आणि ऑक्सिजन चालू आहे की नाही यांवरून एक धोक्याचा गुणांक काढतात, आणि त्या यादीत पहिलं नाव श्वासांच्या गतीचं आहे. छोट्या रुग्णालयात वेगळं पथक नसेल, हे मान्य. पण गुणांक अमुक झाला की डॉक्टरांनी येऊन बघायचंच, असा लेखी नियम करता येतो. मग तिला विनवणी करावी लागत नाही. बाबांच्या वेळी तो नियम असता तर पहिल्याच फोनला डॉक्टर निघाले असते. त्या पंचवीस मिनिटांत त्या सिस्टर काय विचार करत होत्या, पुन्हा फोन करावा की नाही याचा हिशेब कसा करत होत्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुरस्कारांविषयी थोडंसं. ते निरुपयोगी आहेत असं मला वाटत नाही, फक्त ते कशासाठी दिले जातात ते बघावं. अमेरिकेत एका कुटुंबाने ३३ वर्षांचा मुलगा गमावला आणि त्याच्या शेवटच्या आठवड्यांत ज्यांनी त्याला सांभाळलं त्या परिचारिकांविषयीच्या कृतज्ञतेपोटी १९९९ मध्ये ‘डेझी’ ही संस्था स्थापली आणि पुढे तिच्या नावाने परिचारिकांसाठी सन्मान सुरू केला. आज तो अनेक देशांत दिला जातो. त्यातली चांगली गोष्ट ही की रुग्ण, नातेवाईक किंवा सहकारी स्वतः नाव सुचवतात आणि नेमकं काय घडलं ते लिहितात. ‘उत्कृष्ट सेवा’ असं मोघम लिहून भागत नाही. हजेरी पूर्ण, रजा एकही नाही, तीन जणींचं काम एकटीने केलं, अशा कारणांसाठी दिलेली ढाल मात्र मला कौतुकाची वाटत नाही. ती व्यवस्थेच्या अपयशाची पावती आहे, आणि ती ज्या बाईने भरपाई केली तिच्याच हातात ठेवली जाते.

राहता राहिली शेजारच्या वॉर्डातली ती नवी मुलगी. तिचं पहिलंच वर्ष होतं, आणि रात्री ती तिथे एकटी होती. या व्यवसायातून बाहेर पडणाऱ्यांत अशाच मुली पुष्कळ असतात. तिला कुणी मार्गदर्शक नेमून दिलेली नव्हती. त्या रात्री ती तासातासाला आमच्या सिस्टरांकडे येत होती, दारातून हळू आवाजात काहीतरी विचारत होती, आणि त्या स्वतःचे अकरा रुग्ण सांभाळून तिला उत्तरं देत होत्या. हे शिकवणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं, त्याचा भत्ता नव्हता, त्यासाठी रुग्ण कमी दिलेले नव्हते. डॉक्टर निघालेत असा निरोप आल्यावर त्या तिला बाबांच्या खाटेजवळ घेऊन आल्या. बाबांचं मनगट तिच्या हातात दिलं, स्वतःचं घड्याळ तिच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, ‘छातीकडे बघ. घाई करू नकोस. पूर्ण मिनिट होऊ दे.’ ती ओठ हलवत मोजत होती. मिनिट झाल्यावर म्हणाली, ‘तीस.’

सिस्टरांनी ते लिहून घेतलं, आणि शेजारी वेळ.